असू दे, बाबा

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

चिन्मय ओरडला नाही. दुपारपासून तेच डोक्यात बसलंय.

फोनवर मी म्हटलं, "अरे, कॉम्प्युटरमधला कूलर काढायला गेलो तर खालचा प्रोसेसरच उपटून आला." पलीकडे जरा शांतता. मग म्हणाला, "असू दे, बाबा. होतं असं. तुम्हाला कुठे लागलं नाही ना?"

लागलं नाही ना! मी काय जिन्यावरून पडलो होतो?

मागच्या वर्षीपर्यंत राऊटरची वायर जरा हलली तरी हाच मुलगा घर डोक्यावर घ्यायचा. "कशाला हात लावलात?" असं तिथून, पुण्याहून. आज आवाज एकदम मऊ. हा मऊ आवाज माझ्या ओळखीचा आहे. अण्णांशी शेवटची दोन वर्षं मी असाच बोलायचो. ते जाऊ दे.

चूक माझीच. महिनाभर कॉम्प्युटर घरघरत होता. सोसायटीच्या हिशेबाची फाईल उघडली तरी पंखा असा फिरायचा की हिला मालिका ऐकू येईना. तापमान ९५ ला टेकायचं, मग प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करून घ्यायचा. प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट असते, ती २०२० पासून बदललेली नाही, ती वाळली असणार, एवढं मलाही कळतं. वागळे इस्टेटमध्ये तेहतीस वर्षं मशिनी उघडण्यात गेली, चार स्क्रूंचं काय घेऊन बसलात! स्क्रू सोडवले, कूलर दोन्ही हातांनी धरला आणि सरळ वर ओढला. कट्‌ असा आवाज झाला. कूलर हातात, त्याच्या बुडाला प्रोसेसर चिकटलेला, पिना वर करून. उताण्या झुरळासारखा. आणि प्रोसेसर ज्यात बसतो त्या सॉकेटचा खटका बंदच्या बंद.

खटका बंद असताना तो आलाच कसा, हे वाचून समजायला तासभर गेला. इंटेलच्या सॉकेटवर लोखंडी चौकट प्रोसेसरला वरून दाबून धरते. आमचा प्रोसेसर एएमडी कंपनीचा रायझन; त्याच्या एएम४ सॉकेटवर वरून काहीच नसतं. १३३१ पिना भोकांत उतरतात आणि खटका त्यांना फक्त बाजूने चिमटीत धरतो. सहा वर्षं वाळलेल्या पेस्टपुढे त्या चिमटीचं काय चालणार? (२०२२ च्या एएम५ पासून पिना सॉकेटात गेल्या, वर चौकटही आली. आमचं नशीब त्याआधीचं.)

खरं तर करायचं इतकंच होतं. आधी दहा-पंधरा मिनिटं कॉम्प्युटरला चांगला राबवायचा, म्हणजे गरम होऊन पेस्ट सैलावते. मग बंद करायचा, प्लग काढायचा, स्क्रू सोडवायचे आणि कूलर डावी-उजवीकडे हळूहळू पिळायचा. तो फिरला की समजायचं सुटला. ओढायचा नाहीच. ही म्हणाली, "लोणच्याच्या बरणीचं झाकण कधी सरळ वर ओढलंयत का?" नाही ओढलं. बरणी उघडायला मला कधी दिलीच नाही, हे मनातच ठेवलं.

पण ही निदान बोलली तरी. तो "असू दे" म्हणाला. वर "तुम्ही आता त्याला हात लावू नका, मी आलो की बघतो." कधी येणार ते नाही सांगितलं.

मग मी हात लावलाच.

हिचा हेअर ड्रायर घेतला. कूलरच्या बुडाला मिनिट-दोन मिनिटं गरम वारा दिला. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचा मोह झाला होता, पण त्याने एक कोपरा उचलतो आणि समोरच्या पिना वाकतात. दोरा हवा होता. शिवणाचा दोरा तुटला. बाथरूमच्या कपाटात चिन्मयची दातांत घालायच्या दोऱ्याची डबी अजून पडून आहे, ती काढली. खाली टॉवेलची घडी, प्रोसेसर कडांना धरलेला, आणि दोरा फटीत घालून करवतीसारखा मागे-पुढे. पाचेक मिनिटांनी अलगद घसरून हातात आला. बाहेर पाऊस धो-धो आणि मला दरदरून घाम.

भिंग लावून पाहिलं तर एका कोपऱ्यातल्या तीन पिना वाकलेल्या. आता मात्र मजा आली. ड्रॉइंग ऑफिसातली पॉइंट फाइव्हची क्लच पेन्सिल काढली, आतलं शिसं काढून टाकलं, रिकामी टोकनळी पिनेवर सरकवली आणि केसभर केसभर सरळ केलं. एका दमात वाकवली की मोडते. माझे हात थरथरले नाहीत. ही गोष्ट मुद्दाम लिहून ठेवतोय.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, खटका उभा केला, त्रिकोणाची खूण जुळवली. प्रोसेसर आपल्या वजनाने खाली बसला. दाबावं लागलं तर काहीतरी चुकलंय असं समजायचं. मधोमध वाटाण्याएवढी पेस्ट, मग तिरपे समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळत गेलो. पहिल्यांदा काळा स्क्रीन. पोटात गोळा आला. दुसऱ्यांदा लागला. आता नुसता चालू असताना तापमान ४४ दाखवतोय, आणि घर इतकं शांत झालंय की ही विचारते, बंद आहे का?

चिन्मयला फक्त "चालू झाला" एवढंच पाठवलं. मुद्दामच. पंधरा मिनिटांनी त्याचं, "कसा?? पिना वाकल्या नव्हत्या?"

"तीन. सरळ केल्या."

"बाबा!!! कशाने??? सांगितलं होतं ना हात लावू नका म्हणून!"

पेन्सिलीचा फोटो अजून पाठवलेला नाही. दोन मिस्ड कॉल येऊन गेलेत. येऊ देत अजून एखादा.