न पेटणारी चूल

प्राचीन चीनमध्ये मृताबरोबर पुरण्यासाठी मातीच्या ज्या वस्तू मुद्दाम घडवल्या जात, त्यांतल्या घोड्यांचे आणि उंटांचे कौतुक जगभर झाले आहे. माझे मन मात्र हान राजघराण्याच्या काळातल्या, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या, चुलीपाशी अडकते. भातुकलीत शोभावी एवढीशी ही चूल. पण तिला भांडी बसवायची भोके आहेत, मागे धुराडे आहे आणि वरच्या सपाट भागावर मासे, पळी, सुरी असे सगळे साच्यातून उठवलेले आहे. स्वयंपाकाची जय्यत तयारी आहे, फक्त विस्तव नाही.

चुलीच्या जोडीला विहीर, धान्याची कोठारे, कोंबड्या आणि कुत्रीही येतात. काही थडग्यांत तर डुकरांचे आवार सापडते, ज्याच्या वरच्या अंगाला शौचकूप असून खाली डुकरांची वस्ती असते. परलोकाच्या सामानात शौचकूपही आठवणीने ठेवणाऱ्यांचा व्यवहारीपणा मला फार आवडतो.

रंगवलेल्या भांड्यांची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. भाजून निघालेल्या भांड्यावर पांढऱ्या मातीचा हात देऊन हिंगुळासारख्या खनिज रंगांनी ढगांची वळणे काढत. पण ते पुन्हा भट्टीत घालत नसत, त्यामुळे रोजच्या घासण्या-विसळण्यात हा रंग टिकलाच नसता. म्हणजे भांडे वापरायचे नाही, हे रंगाऱ्याने आधीच ठरवलेले होते. 'लीजी' या प्राचीन ग्रंथात कन्फ्यूशियसच्या तोंडी याची उपपत्ती आहे: मृताला निव्वळ मृत समजून वागणे निर्दयपणाचे आणि जिवंत समजून वागणे अविचाराचे, म्हणून त्याच्यासाठीच्या वाद्यांना तारा असाव्यात, पण त्या सुरात लावलेल्या नसाव्यात. दुःखातही इतके तारतम्य राखणे सोपे नाही.

अर्थात सम्राटांना एवढ्यावर समाधान नसे. इ. स. पू. १४१ मध्ये वारलेल्या हान सम्राट जिंगच्या शीआन शहराजवळच्या समाधिस्थळी सुमारे ६० सेंटिमीटर उंचीचे सेवक आणि सैनिक पुरलेले होते. त्यांची शरीरे मातीची, पण हात लाकडाचे आणि कपडे खरोखरीच्या कापडाचे होते. लाकूड आणि कापड दोन्ही कुजून गेल्यामुळे सम्राटाचा हा सारा लवाजमा आज हातांवाचून, उघडाबोडका उभा आहे. शेजारच्या खड्ड्यांतली मातीची डुकरे आणि कुत्री मात्र, त्यांना मुळात कपडेच नसल्यामुळे, पुष्कळशी जशीच्या तशी आहेत.