तुम्ही विचारलंत म्हणून: धूर असताना कुत्र्याला बाहेर न्यायचं का?

ऑगस्ट उजाडला की मंडळातल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. "ताई, आज हवेत वणव्याचा धूर आहे, कुत्र्याला बाहेर नेऊ का?" परवा इथे कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ नव्याने राहायला आलेल्या एकींनी विचारलं. त्यांच्याकडे पग आहे. फोनवर घाईघाईत जे सांगितलं ते नीट लिहून काढते.

नेऊ का, याचं उत्तर 'हो' असंच आहे. बहुतेक कुत्री घरात शी-शू करत नाहीत, आमचा चिकू तर जीव गेला तरी करणार नाही. खरी काळजी वेगळी आहे: किती वेळ न्यायचं आणि बाहेर त्याला किती धाप लागू द्यायची. हे मला २०२० साली कळलं, आणि चिकूला त्रास होऊन कळलं.

आम्ही फ्रीमाँटला राहतो. त्या वर्षी १६ ऑगस्टला पहाटे पावसाशिवाय विजा कोसळल्या आणि बे एरियाच्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या आमच्या भागाच्या, चारही बाजूंचे डोंगर पेटले. आमच्या पूर्वेकडच्या डोंगरांतली आग तर आठवडेच्या आठवडे धुमसत होती. २२ तारखेला गणपती बसले. खिडक्या बंद आणि घरात चिकू, म्हणून त्या वर्षी उदबत्ती, धूप काही लावलं नाही. आरतीला फक्त निरांजन. बंद घरात फोडणीचा धूरसुद्धा हवा बिघडवतो, तेव्हा स्वयंपाकही उकडून, वाफवून चालला होता. चिकूच्या बाबतीत इतकं सगळं सांभाळलं होतं, आणि चूक झाली ती पुढच्या महिन्यात.

९ सप्टेंबरची ती सकाळ इथल्या कुणीच विसरणार नाही. आभाळ नारिंगी झालं, दुपारी बारालाही रस्त्यावरचे दिवे चालू. आम्ही घाबरून चिकूला दारापर्यंतच नेलं. पण त्या सकाळी हवेचा आकडा (एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब आहे ते सांगणारा निर्देशांक; जितका जास्त तितकी हवा वाईट) तितका वाईट नव्हता. धूर उंचावर होता आणि त्याच्याखाली समुद्रावरून आलेला थंड हवेचा थर. पुढच्या दोन दिवसांत तो धूर खाली उतरला. आभाळ पांढरट झालं, नेहमीच्या धुक्यासारखं. नारिंगी रंग गेला म्हणून मला हायसं वाटलं. वासाची तर नाकाला सवयच झाली होती. महिनाभर कोंडलेलं पोर बिचारं, म्हणून मी मागच्या अंगणात अर्धा तास त्याच्याशी चेंडू खेळले. फोनवरचा आकडा बघितलाच नाही.

रात्री त्याला खोकला सुरू झाला. कोरडा, घशात काही अडकल्यासारखा, शेवटी उबळ येऊन फेस पडायचा. झोपला तेव्हा बरगड्यांवर हात ठेवून मी श्वास मोजले. मिनिटाला ४०. निवांत झोपलेल्या कुत्र्याचे साधारण १५ ते ३० असतात. सकाळी डॉक्टरांकडे नेलं. कोविडमुळे मी गाडीत आणि तो आत एकटा. घसा आणि श्वासनलिका सुजली होती. औषध आणि दोन आठवडे विश्रांती, तेवढ्यावर निभावलं.

चेंडू टाकला की कुत्रं धावणारच. दमलो, घसा जळतोय, पुरे आता, असं ते कधी म्हणत नाही. त्याला घाम येतो तो जवळजवळ पंजांनाच, बाकी सगळी उष्णता जीभ बाहेर काढून धापा टाकून घालवायची. तोंडाने ओढलेली हवा नाकातून गाळली जात नाही. धुरातले बारीक कण, आपल्या केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे, थेट फुप्फुसात जातात. म्हणून थांबायचं कधी ते आपणच ठरवायचं.

आता आम्ही पट्टा हातात घेण्याआधी एअरनाऊ या अमेरिकी सरकारी संकेतस्थळावरचा आग आणि धुराचा नकाशा, त्यावरचा एक्यूआय बघतो, दर खेपेला नव्याने. वारा फिरला की तासाभरात सगळं बदलतं. हे आकडे माणसांसाठी ठरवलेत, तेव्हा चिकूसाठी मी थोडी जास्तच सावध असते. १०० पर्यंत नेहमीची फेरी. १०० ते १५० मध्ये कोपऱ्यापर्यंत, रमतगमत. १५० च्या वर पाच-सात मिनिटं, पट्टा लावून, पळायचं नाही. २०० गेले की दारासमोरचं झाड, आणि लगेच आत. घरात पंख्याला मर्व्ह-१३ (बारीक कणही अडवणारा) फिल्टर बांधून केलेला खोका चालू असतो. गाडीत बाहेरची हवा बंद. खेळ म्हणून जुन्या टॉवेलच्या घड्यांत खाऊ लपवते. हुंगून शोधताना कुत्रं धाप न लागताही छान दमतं.

परत आलं की ओल्या पांढऱ्या फडक्याने पाय पुसायचे, बोटांच्या मधूनसुद्धा. पहिल्यांदा पुसले तेव्हा फडकं तव्याखालून फिरवल्यासारखं काळपट झालं होतं. न पुसता सोडलं असतं तर ती राख त्याने चाटून पोटात घेतली असती. घरं, गाड्या जळाल्या असतील तर राखेत काय काय असेल सांगता येत नाही. बाहेर ठेवलेलं पाण्याचं भांडंही ओतून द्यायचं.

मास्कचं अनेक जण विचारतात. मी घालत नाही. माणसांचा मास्क कुत्र्यांच्या तोंडावर घट्ट बसत नाही, आणि बसला तर धापा टाकणंच अडतं. आपली खोकल्याची औषधंही द्यायची नाहीत.

गेल्या मार्चमध्ये पुण्याहून बहिणीचा फोन आला होता, मागच्या टेकडीवरचं गवत कुणीतरी पेटवून दिलं म्हणून. तिच्या गच्चीवरही काळ्या काड्या पडत होत्या. तिलाही हेच सांगितलं: खिडक्या लाव, संध्याकाळची टेकडी आज राहू दे.

आणि पगवाल्या ताई, तुमच्यासाठी वेगळं. आखूड नाकाच्या कुत्र्यांना मुळातच श्वास घेताना कष्ट पडतात, तेव्हा माझे आकडे तुम्ही एक पायरी खाली आणा. मी १५० ला जे करते ते तुम्ही १०० लाच करा. आज रात्री हवा चांगली असताना ती झोपली की तिचे श्वास मोजून लिहून ठेवा, म्हणजे धुराच्या दिवशी फरक कळेल. हिरड्या निळसर किंवा पांढुरक्या दिसल्या, बसल्या जागी तोंड उघडून श्वास घेऊ लागली, किंवा चालताना तोल जायला लागला, तर फोन करत बसू नका, मलाही नको. तशीच उचला आणि डॉक्टरांकडे न्या. रात्री उघडा असणारा दवाखाना कुठे आहे ते आजच बघून ठेवा.