निनावी पत्रकाविरुद्ध निवडणूक याचिका : माझा अनुभव

मतदानाच्या आदल्या रात्री उमेदवाराची बदनामी करणारं पत्रक घरोघरी पडतं, त्यावर ना छापखान्याचं नाव ना प्रकाशकाचं. विधानसभेच्या अशाच प्रकरणात मी मतदार म्हणून याचिका केली. हो, मतदारालाही ती करता येते.

मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता नसणं हा लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 च्या कलम 127अ खाली गुन्हा आहे : सहा महिन्यांपर्यंत कैद, 2,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण त्याने आमदारकी जात नाही. ती जाते कलम 123(4) मधल्या ‘भ्रष्ट आचरणा’ने, आणि त्यासाठी मजकूर वैयक्तिक चारित्र्याबद्दल, वस्तुस्थिती म्हणून केलेलं खोटं विधान असावा लागतो. ‘निष्क्रिय आमदार’ हे मत झालं. ‘पतपेढीचे पैसे खाल्ले’ हे विधान.

सी-व्हिजिल या निवडणूक आयोगाच्या तक्रार-ॲपवर तक्रार करण्याआधी स्वतःच्या कॅमेऱ्याने वेगळे फोटो काढा. त्या ॲपमध्ये गॅलरीतला फोटो चढत नाही आणि ॲपने काढलेला फोनमध्ये राहत नाही.

निकालापासून 45 दिवसांत उच्च न्यायालयात याचिका. उशीर माफ होत नाही. अनामत 2,000 रुपये. जितके प्रतिवादी तितक्या प्रती, प्रत्येकीवर ‘खरी प्रत’ म्हणून याचिकाकर्त्याची स्वतःची सही. भ्रष्ट आचरणाचा आरोप एखाद्या उमेदवारावर असेल तर, त्याने अर्ज मागे घेतलेला असला तरी, त्याला प्रतिवादी करावंच लागतं. यात चुकलात तर कलम 86 खाली याचिका पुराव्यापर्यंत पोचतच नाही. सोबत नमुना 25 मधलं प्रतिज्ञापत्र जोडायचं.

खरी मेख आहे संमतीत. ‘कार्यकर्त्यांनी पत्रकं वाटली’ एवढ्यावर भागत नाही. कोणी, कधी, कुठल्या वस्तीत वाटली आणि त्याला उमेदवाराची किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीची संमती होती हे कशावरून, ते याचिकेतच लिहावं लागतं. संमती सिद्ध झाली तर निकालावर परिणाम झाला हे दाखवायची गरज नाही. नाही झाली तर किती मतं फिरली ते सिद्ध करा! माझ्या मते ते जवळपास अशक्य आहे. पुराव्याची कसोटीही फौजदारी खटल्यासारखीच कडक.

व्हॉट्सॲपच्या छापील प्रतीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं : भाग ‘अ’ पुरावा देणाऱ्याचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाचा, हॅश मूल्यासह (म्हणजे फाईलची डिजिटल खूण). असं प्रमाणपत्र टाळता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये, जुन्या साक्ष्य कायद्याखाली, जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल प्रकरणात ठरवलं.

भ्रष्ट आचरण सिद्ध झालं तर निवडणूक रद्द, शिवाय सहा वर्षांपर्यंत अपात्रता. उमेदवार नसलेलाही यात सापडतो : विलेपार्ल्याच्या 1987 च्या पोटनिवडणुकीत धर्माच्या नावावर मतं मागितल्याबद्दल रमेश प्रभूंची निवडणूक रद्द झाली आणि बाळासाहेब ठाकरे यांचा मताधिकारही सहा वर्षांसाठी गेला.

नामसाधर्म्याचा डमी उभा करणं मात्र भ्रष्ट आचरणात बसत नाही. रायगडला 2014 मध्ये सुनील तटकरे 2,110 मतांनी हरले, त्यांच्याच नावाच्या अपक्षाला 9,849 मतं मिळाली होती. असा डमी दिसला तर मतपत्रिकेवर नावापुढे व्यवसाय किंवा गाव घालून फरक करावा, असा अर्ज निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लगेच द्यावा. नियमात तशी तरतूद आहे.