संघनिवडीत ज्याला मत नाही, असा माणूस

30 ऑक्टोबर 2025 रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर, विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात नाबाद 127 धावा काढल्यावर जेमिमा रॉड्रिग्जने येशूचे आभार मानले आणि त्यावरून आपल्याकडे बरीच उलटसुलट चर्चा झाली. मला तिच्या त्या दिवसाच्या बोलण्यातला दुसरा भाग अधिक महत्त्वाचा वाटला. या स्पर्धेत आपण जवळजवळ रोज रडलो, मनावर ताण होता, त्यातच संघातून वगळले गेले आणि त्या काळात अरुंधती रेड्डी, स्मृती मानधना, राधा यादव या मैत्रिणींनी सांभाळून घेतले, असे ती म्हणाली. कोणाची श्रद्धा कोणती, याची तिथे कोणाला अडचण झाली नाही.

इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबांनी ही सोबत केवळ मित्रमंडळींवर सोडलेली नाही. तिथे त्यासाठी चॅपलेन, म्हणजे क्लबातल्या माणसांची विचारपूस करणारा धर्मगुरू, असतो. बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचे पाळक जॉन बॉयर्स 1977 साली वॉटफर्ड क्लबचे चॅपलेन झाले, तेव्हा हा क्लब चौथ्या श्रेणीत खेळत होता, ग्रॅहम टेलर व्यवस्थापक होते आणि अध्यक्षपदी चक्क गायक एल्टन जॉन होते. पुढे 1991 मध्ये बॉयर्स यांनी अशा चॅपलेनांना प्रशिक्षण आणि आधार देणारी संस्था उभी केली व 1992 पासून ते मँचेस्टर युनायटेडमध्ये हेच काम करू लागले. स्पोर्ट्स चॅपलेन्सी यूके या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या त्या संस्थेचा एक दंडक मला फार शहाणपणाचा वाटतो : विचारपूस आपण होऊन करावी, धर्माविषयी मात्र समोरच्याने विषय काढला तरच बोलावे.

बहुतेक चॅपलेन हे काम पगार न घेता करतात. जवळच्या चर्चची जबाबदारी सांभाळून ते आठवड्यातून एखादा दिवस सराव मैदानावर येतात, कँटीनमध्ये चहा घेत बसतात, गणवेश धुणाऱ्या बायकांपासून हिरवळीची निगा राखणाऱ्या माळ्यापर्यंत सगळ्यांशी दोन शब्द बोलतात. एखादा जुना चाहता वारला, तर त्याच्या अंत्यविधीची प्रार्थनाही पुष्कळदा त्यांच्याकडेच येते. पण त्यांची खरी गरज मला क्लबच्या अकादमीत खेळ शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत दिसते. आठ-नऊ वर्षांचा असताना क्लबमध्ये आलेल्या मुलाला सोळाव्या किंवा अठराव्या वर्षी एका छोट्या खोलीत बोलावून सांगितले जाते, की तुझा करार पुढे चालू राहणार नाही. ज्या प्रशिक्षकाला तो वडिलांच्या जागी मानत आला, त्यानेच हा निर्णय घेतलेला असतो; ज्या मित्रांकडे मन मोकळे करावे, त्यांतल्याच एखाद्याला त्याची जागा मिळालेली असते; आणि घरी आईवडिलांची इतक्या वर्षांची धावपळ डोळ्यांसमोर असते. दुखापत झालेल्या खेळाडूचेही तेच. तो फिजिओला जे सांगेल, ते व्यवस्थापकाच्या कानावर जाणारच आणि त्यावरून शनिवारचा संघ ठरणार. अशा ठिकाणी ज्याला संघनिवडीत मत नाही आणि जो ऐकलेले बाहेर बोलत नाही, असा एक तरी माणूस हवा, आणि चॅपलेनचे सगळे वजन त्याच्याकडे कसलाही अधिकार नसण्यात आहे, असे माझे मत आहे.

हे क्रिकेटला नेहमीच पटले असे नाही. इंग्लंडच्या क्रिकेट संघाबरोबर अँड्र्यू विंगफील्ड डिग्बी हे धर्मगुरू चॅपलेन म्हणून होते. 1994 मध्ये रे इलिंगवर्थ निवड समितीचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी ही प्रथा बंद केली. इलिंगवर्थ जुन्या यॉर्कशायरी, म्हणजे रोखठोक वळणाचे, त्यामुळे नवल वाटत नाही.

अमेरिकेत चित्र अधिक उघड आहे. 2017 च्या ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फिया ईगल्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या मार्कस जॉन्सनने सहकाऱ्यांच्या साक्षीने शार्लटमधल्या हॉटेलच्या जलतरण तलावात बाप्तिस्मा घेतला आणि त्याच हंगामात, 4 फेब्रुवारी 2018 रोजी, ईगल्सनी पॅट्रियट्सना 41-33 असे हरवून सुपर बोल हा विजेतेपदाचा सामना जिंकला. संघात राहून एखाद्याला श्रद्धा गवसली, याचा मला ख्रिस्ती म्हणून आनंदच आहे. पण विजयाचा धागा त्या तलावाशी जोडणारे लेख वाचताना मी अस्वस्थ होतो. पॅट्रियट्समध्ये प्रार्थना करणारे कोणी नव्हते काय? शिवाय बायबल अभ्यासाला अर्धा संघ बसत असेल, तर न बसणाऱ्या नवख्या खेळाडूला आपली जागा धोक्यात आहे असे वाटता कामा नये, आणि हे पाहणे चॅपलेनचेच काम आहे.

आपल्याकडे धर्म आणि संघ यांचे नाते एके काळी फारच सरळ होते. मुंबईच्या पंचरंगी स्पर्धेत संघच धर्मावरून ठरत, म्हणून सांगलीचे विजय सॅम्युअल हजारे ख्रिस्ती या नात्याने ‘रेस्ट’, म्हणजे उरलेल्यांच्या, संघातून खेळले आणि हिंदू संघाविरुद्ध 387 पैकी 309 धावा एकट्याने काढल्या. ती व्यवस्था 1946 मध्ये संपली, ते योग्यच झाले. आजच्या भारतीय संघात एका धर्माचा चॅपलेन चालणार नाही, हे मला मान्य आहे; मात्र बॉयर्स यांच्या पद्धतीने काम करणारा, मंडळाला अहवाल न देणारा कोणी तिथे असायला माझी काहीच हरकत नाही, मग तो रविवारी चर्चमध्ये जाणारा असो वा नसो.