फक्कीच्या रेषेतले कादंब

नाशिकरोडला रात्री विदर्भ एक्सप्रेस पकडली तेव्हा खांद्याला नकाशांची नळी होती. नागपूरजवळच्या एका तलावाकाठी शाळकरी मुलांसाठी निसर्ग शिक्षण केंद्र बांधायचं होतं, त्याची जागा पक्की करायला निघाले होते. तलावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव कळलं की ड्रोन येतात, स्पीकर येतात.

नागपुरातले पहिले दोन दिवस बैठकांत गेले. लक्षात राहिली सकाळची तर्री आणि एक वाक्य : ‘पाणथळीचा नियम आपल्याला लागूच नाही.’ ते खरंही होतं. २०१७ च्या नियमांप्रमाणे पाणथळीच्या सरासरी पूररेषेपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम करता येत नाही. पण खास सिंचनासाठी बांधलेले तलाव त्या व्याख्येतूनच वगळले आहेत. हा तलाव जुना, मालगुजारी, म्हणजे जमीनदारांच्या काळातला, धानाच्या पाण्यासाठी बांधलेला. म्हणून केंद्र अगदी पाण्याला लागून, समोर भिंतभर काच. मला संताप आला. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडून घराघरांत पाणी शिरलं, ते याच शहराने पाहिलं होतं. पण तो पहिला आराखडा मीच काढला होता, नाशिकला बसून, जागा न बघता. तेव्हा बोलू कुणाला?

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काठावरच्या मोकळ्या गवतात खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली, चुन्याची फक्की टाकली. तलावात मासे धरणारे एक ढीवर काका शांतपणे बघत उभे होते. जाताना एवढंच म्हणाले, “सकाळी उजाडायच्या आत या जी. मंग सांगा.”

साडेपाचला पोचले. बोटं आखडवणारी थंडी, पाण्यावर धुकं. काकांनी मला एका बाभळीमागे बसवलं. आधी आवाज आला, नाकातून काढल्यासारखा, आँग आँग. मग धुक्यातून एकेक रांग खाली येऊ लागली. पट्टकादंब, हंसाच्या कुळातले. रात्रभर शेतांत चरून परतत होते. उतरले ते नेमके माझ्या फक्कीच्या आत, प्रदर्शन दालनाच्या जागी. चौसष्ट मोजले. काही गवत ओढत होते, काहींनी पंखात मान खुपसली, दोघं-तिघं मान ताठ करून पहाऱ्यावर. पांढऱ्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे उजाडल्यावर स्पष्ट दिसले. तिबेट, लडाखकडच्या सरोवरांवर पिल्लं वाढवून, हिमालय ओलांडून आलेले हे पक्षी, आणि मी त्यांच्या निजायच्या जागेवर चुना टाकला होता. तासभर हलले नाही. डोळे भरून आले होते.

“तुमाले हे रिकामं वाटलं असन,” काका हळूच म्हणाले. “पावसाळ्यात इथं कंबरभर पानी राह्यते. होळीनंतर पानी उतरलं का लोकं काकड्या लावते.”

गाळपेर! हा शब्द मला माहीत होता, तरी नकाशावर मी काठाची एकच निळी रेघ ओढली होती. हा काठ वर्षभर दोनशे पावलं मागेपुढे सरकतो. चिखल उघडा पडला की तुतारी पक्षी येतात, मग काकड्या, मग पुन्हा पाणी.

तिथूनच फोन केला आणि जागा बदलायला सांगितली. वाद झाला, तो इथे लिहीत नाही. पूर्वेला पाळीपलीकडे, म्हणजे तलावाच्या बांधापलीकडे, वापरात नसलेली एक चौकी आहे : काळा दगड, चुन्याची जुडाई, वर कवेलूंचं छप्पर. तीच दुरुस्त करायची, नवं काही बांधायचं नाही. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसला जातो, पण त्या जाड भिंती आणि पश्चिमेचा रुंद ओसरा एसीची गरज ठेवणार नाहीत. तलावाकडे काच नको. तिच्यात आभाळ दिसतं आणि पक्षी आदळून मरतात. तिथे विटांची जाळी. संडास कोरडे, खत होणारे, म्हणजे मैल्याचा थेंबही पाझरून तलावात जाणार नाही. रात्री बाहेर दिवा नाही. पाळीवर बांबू-गवताची लपण, तिच्या फटी पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर. सकाळी ऊन पाठीमागून येईल, पक्षी स्वच्छ दिसतील.

दुपारी पक्षी पाण्यात गेल्यावर खुंट्या उपटल्या. काका सुतळी गुंडाळत होते.

“ही लागते का तुमाले? नाही तं जाळ्याले घेतो.”

“घ्या काका,” म्हटलं, आणि उरलेलं बंडलही दिलं.