क्योतो आणि नारा : सोबत आजी आणि दोन लहान मुलं

लहान मुलांना घेऊन क्योतोला जायचं असेल तर नोव्हेंबरच्या मध्यावर जा. मेपल पुरते लाल झालेले नसतात, त्यामुळे महिनाअखेरीची ती प्रचंड गर्दी अजून उसळलेली नसते. हवा स्वेटरपुरती थंड असते. शिवाय १५ नोव्हेंबरच्या आसपास ‘शिचि-गो-सान’ असतं. तीन, पाच आणि सात वर्षांच्या मुलांना किमोनो घालून देवळात नेतात, त्यांच्या आरोग्यासाठी प्रार्थना करतात आणि हातात लांब गोळ्यांची पिशवी देतात. माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. आपल्याच वयाची मुलं इतकी नटून देवाला आलेली पाहून तो देवळात एकदाही कंटाळला नाही. एप्रिलअखेरचा गोल्डन वीक, ऑगस्टच्या मध्यातला ओबोन आणि नवं वर्ष हे तीन काळ मात्र टाळाच. तेव्हा अख्खा देश प्रवासाला निघालेला असतो.

आम्ही टोकियोत निशि-कासाईला राहतो. इथे भारतीय घरं भरपूर, त्यामुळे मराठी कानावर पडत राहतं. मोठा होइकुएनमध्ये म्हणजे पाळणाघरात जातो, धाकटी दोन वर्षांची आहे. पुण्याहून आई आली होती. ती शाकाहारी आहे आणि तिचे गुडघे दुखतात. असं कुटुंब घेऊन फिरायचं तर एक गोष्ट मी पक्की ठरवली होती: दिवसाला एकच मोठं ठिकाण, आणि तिथे पोहोचेपर्यंत मोठ्यांचे हात मोकळे. पुढचं सगळं नियोजन त्यावरच बेतलं.

हात मोकळे ठेवायचे तर बॅगा आधी पुढे पाठवायच्या. जपानमध्ये ताक्क्युबिन नावाची घरपोच सामानसेवा आहे. काळ्या मांजरीचं चिन्ह असलेली यामातोची गाडी तुम्ही रस्त्यावर पाहिली असेलच. निघायच्या आदल्या दिवशी मोठी बॅग कोपऱ्यावरच्या कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, नेऊन दिली की दुसऱ्या दिवशी ती क्योतोच्या हॉटेलात पोहोचते. मोठ्या बॅगेला साधारण अडीच-तीन हजार येन पडतात. पत्त्याच्या चिठ्ठीवर आरक्षण ज्या नावाने आहे ते नाव आणि हॉटेलात पोहोचायची तारीख नीट लिहा, आणि हॉटेलला आधी कळवून ठेवा. एका रात्रीचे कपडे, डायपर आणि औषधं पाठीवरच्या पिशवीत ठेवा. हा खर्च मला अजिबात जड वाटला नाही. टोकियो स्टेशनवर एका हातात धाकटी आणि दुसऱ्या हातात आईचा हात, एवढंच माझ्याकडे होतं.

बॅगा बरोबरच न्यायच्या असतील तर लांबी, रुंदी आणि उंचीची बेरीज मोजून घ्या. ती १६० सेंटिमीटरपेक्षा जास्त भरली तर तोकाइदो शिनकानसेनमध्ये, म्हणजे टोकियोहून क्योतोला जाणाऱ्या बुलेट ट्रेनमध्ये, डब्याच्या टोकाची, सामानाची जागा असलेली सीट आरक्षित करावी लागते. २५० च्या वर सामान नेता येत नाही. बाबागाडीला हा नियम लागू नाही, पण ती घडी होणारी हवी.

तिकिटांचा हिशेब असा. शाळेत न जाणाऱ्या मुलांना स्वतंत्र सीट नको असेल तर भाडं लागत नाही. तिकीट काढलेल्या एका मोठ्या माणसामागे अशी दोन मुलं चालतात. सीट हवी असेल तर अर्धं भाडं. मोठ्यासाठी आम्ही सीट घेतली, धाकटी मांडीवर. टोकियो ते क्योतो नोझोमी या सर्वात वेगवान शिनकानसेनचं आरक्षित तिकीट एका बाजूला साधारण १४,००० येन आहे. भारतातून येणारे पाहुणे जेआर पासबद्दल, म्हणजे पर्यटकांसाठीच्या रेल्वे पासबद्दल, हमखास विचारतात. ऑक्टोबर २०२३ पासून सात दिवसांचा साधा पास ५०,००० येन झाला आहे. फक्त टोकियो-क्योतो-टोकियो करायचं असेल तर तो घेऊ नका. जपानमध्ये राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तसाही तो मिळत नाही.

आरक्षण महिनाभर आधी सकाळी दहाला उघडतं. फुजी पाहायचा असेल तर ‘ई’ क्रमांकाची सीट घ्या. टोकियोहून जाताना फुजी उजवीकडे, साधारण चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी दिसतो. आम्ही मागेपुढे दोन-दोन अशा चार सीट घेतल्या आणि पुढची जोडी फिरवून समोरासमोर केली. आजी, बाबा, मुलं सगळी एका जागी. गाडीतली खाद्यपदार्थांची ढकलगाडी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस बंद झाली, म्हणून पाणी आणि खाणं स्टेशनवरूनच घ्या. टोकियो स्टेशनवर शिनकानसेनच्या आकाराच्या डब्यात मुलांचं जेवण मिळतं. त्यातल्या भाताव्यतिरिक्त आईला चालण्यासारखं काही नव्हतं, पण तो डबा आता घरी रोज वापरात आहे.

मूल रडायला लागलं की इथले आईबाप सीटवर बसून राहत नाहीत, दोन डब्यांच्या मधल्या जागेत जाऊन उभे राहतात. तुम्हीही तेच करा, कुणी वळूनही बघत नाही. सोळा डब्यांच्या गाडीत अकराव्या डब्यात एक छोटी बहुउपयोगी खोली असते. बाळाला दूध पाजायचं असेल तर गार्डला विचारलं की तो ती उघडून देतो. तान्हं बाळ असेल तर सीटही त्या डब्याजवळचीच घ्या.

हॉटेल क्योतो स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर घेतलं. जुन्या गल्ल्यांतली लाकडी घरं सुंदर असतात, पण दुपारी मुलांना झोपवायला खोलीवर परत यायचं असेल तर स्टेशनजवळ राहण्याला तोड नाही. खोली निवडताना कपडे धुण्याचं यंत्र आहे का ते बघा. शाळेत न जाणारं मूल मोठ्यांच्या पलंगावर झोपणार असेल तर बहुतेक ठिकाणी वेगळे पैसे घेत नाहीत, तरी आरक्षण करताना त्याचा उल्लेख करा.

पहिला दिवस रेल्वे संग्रहालयाचा. देवळांच्या शहरात येऊन आधी इंजिनं कसली बघायची, असं आईला वाटलं होतं. तिथे गेल्यावर सगळ्यात जास्त वेळ तीच रमली. २०१६ मध्ये उघडलेलं हे संग्रहालय क्योतो स्टेशनहून सागानो लाइनवर एकाच स्टेशनावर आहे, उमेकोजि-क्योतोनिशि. १९१४ साली बांधलेली वाफेच्या इंजिनांची अर्धवर्तुळाकार शेड, मधली फिरती चकती, १९६४ ची गोल नाकाची पहिली शिनकानसेन आणि खऱ्या वाफेच्या इंजिनामागे बसून छोटीशी फेरी. इंजिनाने शिट्टी दिली तशी आई म्हणाली, “अगं, आमच्या लहानपणी मिरजेला जाताना अस्साच आवाज यायचा.” मग ती नातवाला कोळशाची गाडी, डोळ्यात जाणारे कण, खंडाळ्याचा घाट असं काय काय सांगत बसली. इथे निदान अर्धा दिवस ठेवा, आणि बुधवारी बहुधा सुट्टी असते हे लक्षात असू द्या. बाहेरच मोठी बाग आहे, मुलांना पळायला सोडता येतं.

फुशिमि इनारीला मात्र सकाळी आठच्या आत पोहोचा. क्योतोहून नारा लाइनवर दुसरं स्टेशन, बाहेर पडलं की समोर कमान. देऊळ रात्रंदिवस उघडं असतं, प्रवेशाला पैसे नाहीत. बाबागाडी आणू नका, सगळ्या पायऱ्याच आहेत. धाकटीला आम्ही छातीशी बांधायच्या कॅरिअरमध्ये घेतलं. डोंगर पूर्ण चढून उतरायला दोन-तीन तास लागतात. लहान मुलं आणि दुखरे गुडघे असतील तर केशरी तोरींची, म्हणजे लाकडी कमानींची, दाट रांग संपते तिथून परत फिरा. पाहण्यासारखं बरंचसं तोवर पाहून होतं. प्रत्येक तोरी कुणीतरी दान केलेली असते, मागच्या बाजूला देणाऱ्याचं नाव असतं. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर नावं कोरतात, त्यामुळे आईला हे लगेच उमगलं. मोठ्याने तोंडात किल्ली धरलेले कोल्ह्यांचे पुतळे शोधायचा खेळ काढला आणि चढ कधी संपला ते त्याला कळलंही नाही.

शहरात फिरताना बसपेक्षा रेल्वे आणि मेट्रो बरी. क्योतोच्या बस इतक्या भरतात की मूल कडेवर घेऊन उभं राहणं अवघड होतं. फक्त बससाठी असलेला एक दिवसाचा पास आता मिळत नाही. मेट्रो आणि बस दोन्हींचा १,१०० येनचा आहे. मेट्रोच्या स्टेशनांत लिफ्ट असते, पण ती ठराविक दारापाशीच, म्हणून पाच-दहा मिनिटं हाताशी ठेवा.

नाराचा दिवस आम्हा सगळ्यांनाच सर्वात प्रिय. जेआर रेल्वेने पाऊण तास लागतो, पण किंतेत्सु या दुसऱ्या रेल्वेचं स्टेशन हरणांच्या बागेच्या जवळ आहे. चालणं कमी हवं तर तेच घ्या. तिथली हजाराहून जास्त हरणं पाळीव नाहीत, मोकळी राहतात. कासुगा देवळाच्या देवाचे दूत म्हणून ती पूर्वापार जपलेली आहेत. त्यांच्यासाठीची बिस्किटं बागेतच विकत मिळतात, बाकी काही खायला घालू नये. हरणं मान लववतात, मुलंही वाकतात, सगळं फार गोड दिसतं. पण शरद ऋतू हा नरांच्या माजाचा काळ असतो आणि बिस्किटं दिसली की हरणं ढुशी मारतात, कपडे ओढतात. लहान मुलाच्या हातात अख्खा गठ्ठा देऊ नका. मोठ्या माणसाने मागे उभं राहून एकेक द्या, आणि संपली की रिकामे तळहात दाखवा. ती निघून जातात.

नाराच्याच तोदाइजी देवळातला बुद्ध सुमारे १५ मीटर उंच आहे. ७५२ साली त्याच्या नेत्रोन्मीलनाचा सोहळा झाला, तेव्हा त्याचे डोळे रेखणारा भिक्षू बोधिसेन हा भारतातून आलेला होता. त्याच्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या हातात धरल्या होत्या, म्हणजे पुण्य सगळ्यांना मिळावं. हे मी आईला तिथेच सांगितलं. ती बराच वेळ हात जोडून उभी होती. मुलांना अशी एखादी गोष्ट आदल्या रात्री सांगून ठेवा. मोठा आत शिरल्याबरोबर आधी बुद्धाचे डोळे शोधत होता.

आता जेवण. शाकाहारी माणसाची खरी अडचण दाशी, म्हणजे बहुतेकदा माशाचा अर्क. तो सूपमध्ये, सोबा-उदोन नूडल्सच्या रसात, भाज्यांतही असतो. मांस नको एवढं सांगून भागत नाही, “दाशीही नको” असं जपानीत लिहून फोनमध्ये ठेवा. आम्ही मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, तूप आणि दशम्या नेल्या होत्या. कोंबिनीत तयार साध्या भाताचं पाकीट मिळतं. हॉटेलच्या मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटांत गरम गुरगुटा भात आणि वर मेतकूट-तूप. दोन्ही मुलं रात्री पोटभर जेवून झोपायची. केळी, दही, दूध, मिठाच्या साध्या ओनिगिरी म्हणजे भाताचे गोळे कुठेही मिळतात. बाहेर जेवायचं तर कोको इचिबान्याच्या काही शाखांत शाकाहारी करी आहे, तिखटपणा आपण ठरवायचा.

डायपर औषधांच्या दुकानात मिळतात. दूध पाजायला आणि डायपर बदलायला मोठ्या दुकानांचा लहान मुलांचा मजला गाठा, तिथे गरम पाणीसुद्धा असतं. रस्त्यावर कचराकुंडी नसते, म्हणून वापरलेल्या डायपरसाठी वास न येणाऱ्या पिशव्या हव्यातच. ओनसेनला, म्हणजे गरम पाण्याच्या कुंडावर, जायचं असेल तर डायपरमधल्या मुलाला सामायिक कुंडात सहसा घेत नाहीत. कुटुंबापुरतं खाजगी कुंड आधी आरक्षित करा.

एका रात्री धाकटीला ताप आला. कपाळावर चिकटवायची थंड पट्टी आणि टोकियोच्या डॉक्टरांनी आधीच देऊन ठेवलेलं औषध यावर निभावलं. रात्री मुलाबद्दल सल्ला हवा असेल तर #८००० वर फोन करता येतो, मात्र संभाषण बहुतेक जपानीत होतं. रुग्णवाहिका ११९. टोकियोत राहणाऱ्यांनी मुलांच्या आरोग्यविम्याचा पुरावा (मायनंबर कार्ड किंवा विम्याचं पात्रता प्रमाणपत्र) बरोबर ठेवावा. आपल्या वॉर्डाचं मोफत उपचारांचं प्रमाणपत्र टोकियोबाहेर चालत नाही. तिथे आपला वाटा भरायचा, पावती जपायची आणि परत आल्यावर वॉर्डाच्या कचेरीत अर्ज करून पैसे मागायचे. आजी-आजोबांसाठी मात्र भारतातून निघतानाच प्रवास विमा काढा आणि त्यांच्या रोजच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, पुढे पाठवायच्या बॅगेत नको.