बाराच्या ठोक्याला पाटाचं कोर्ट

पहिल्या गुरुवारी आम्ही पोहोचलो तेव्हा बारा वाजून अठरा मिनिटं झाली होती आणि एक माणूस खुर्च्या उचलून आत नेत होता. उशीर माझ्यामुळे झाला नाही, हे आधी लिहून ठेवतो. वाटेत हिला एका दुकानात हातपंखे दिसले. लाकडी काड्यांचे, रंगवलेले. "अहो, पाचच मिनिटं," म्हणाली. एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढलेल्या माणसाला पाच मिनिटं म्हणजे काय ते चांगलं कळतं. तेवढ्यात चारी, म्हणजे शेताला पाणी नेणारा छोटा पाट, फुटते.

लेक दोन वर्षांपासून स्पेनमध्ये, व्हॅलेन्सियाला नोकरी करते. पूर्व किनाऱ्यावरचं, भूमध्य समुद्राला लागून असलेलं शहर. मे महिन्यात नाशिकचं ऊन टाळायला तिने आम्हा दोघांना बोलावून घेतलं, ते चांगले दहा दिवस. तिच्याकडे बघायच्या ठिकाणांची यादी तयार होती. माझ्या यादीत एकच गोष्ट होती, तीही नोकरीत असताना एका प्रशिक्षणात ऐकलेली. तिथे पाण्याच्या भांडणांचं एक कोर्ट आहे, दर गुरुवारी दुपारी बारा वाजता भरतं, कॅथेड्रलच्या दारात, उघड्यावर, आणि ही रीत हजार वर्षांची आहे असं मानतात. तेव्हा मला ती साहेबांची थाप वाटली होती.

थाप नव्हती, पण आता पुढच्या गुरुवारची वाट बघणं आलं.

मधले दिवस यादीप्रमाणे गेले. कॅथेड्रलचा मिगेलेते नावाचा अष्टकोनी मनोरा आहे, वर जायला दोनशे सात पायऱ्या. गोल फिरत जाणाऱ्या, अरुंद. हिने खालीच बाक धरला. मी वर गेलो आणि उतरताना पांडवलेणीच्या पायऱ्यांची आठवण काढत गुडघ्यांची क्षमा मागितली. त्याच कॅथेड्रलमध्ये काचेमागे एक अकीक दगडाचा प्याला आहे. येशूने शेवटच्या भोजनात वापरला तो हाच, अशी तिथल्या भाविकांची श्रद्धा. समोर लोक गुडघे टेकून बसलेले होते, म्हणून मी मोबाईल खिशात ठेवला. ज्याच्या फोटोंनी इंटरनेट भरलंय ते पांढरंशुभ्र 'कला आणि विज्ञान नगर', वास्तुविशारद कालात्रावाचं, तेही बघितलं. डोळे दिपतात खरे. तासाभरात मला सावली हवी झाली.

रेशीम बाजाराची इमारत मात्र मनात बसली. तिला 'लोंखा' म्हणतात. १४८२ ते १५३३ या काळात बांधलेली, १९९६ पासून जागतिक वारशाच्या यादीत. आत व्यापाऱ्यांचं मोठं दालन, आणि पिळा दिलेले दगडी खांब, जणू ओला पंचा पिळून उभा केलाय. वर भिंतींवरून चारी बाजूंनी लॅटिनमधली एक ओळ फिरते. लेकीने फोनवर वाचून सांगितलं, की जो व्यापारी बोलण्यात फसवत नाही, शेजाऱ्याला दिलेला शब्द पाळतो आणि व्याजबट्टा करत नाही, त्याची भरभराट होईल आणि त्याला शेवटी अक्षय जीवन मिळेल. मी नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणातला. कांद्याच्या लिलावात ट्रॉलीवर उभं राहून भाव ऐकत मोठा झालो. रुमालाखाली बोटं दाबून सौदा करणारे जुने व्यापारी पाहिलेत. असली ओळ आपल्या बाजारात लिहायची म्हटली तर आधी काट्याच्या खोलीत लिहावी लागेल. बाहेर रस्त्यापलीकडेच १९२८ मध्ये सुरू झालेला मध्यवर्ती बाजार आहे, लोखंड, काच आणि रंगीत फरशांचा. तिथे हिने टोमॅटोचा भाव विचारला, मनातल्या मनात रुपये केले आणि घेतले नाहीत.

माझा खरा वेळ गेला नदीत. नदीत म्हणजे शब्दशः नदीत, कारण तिथल्या तुरिया नदीच्या पात्रात पाणी नाही, बाग आहे. जवळजवळ नऊ किलोमीटर लांब. वर जुने दगडी पूल तसेच उभे आणि खाली सायकली, संत्र्याची झाडं, फुटबॉल खेळणारी पोरं. पहिल्या दिवशी पुलाच्या कठड्याला टेकून मी खाली पाहिलं आणि पोटात कसंसंच झालं. आपल्याकडे नाशिकला गोदावरीवरच्या होळकर पुलावर उभं राहून माणूस खाली बघतो तो पाणी किती आलं ते बघायला.

झालं असं, की १४ ऑक्टोबर १९५७ ला तुरियाला पूर आला. एकाच दिवशी दोन लोंढे, दुसरा पहिल्यापेक्षा मोठा. निदान ८१ माणसं गेली. जुन्या शहरात काही भिंतींवर अजून फरशीच्या पाट्या आहेत, 'पुराचं पाणी इथवर आलं' अशा. एका पाटीखाली मी पाठ लावून उभा राहिलो, तर रेघ डोक्याच्या वर वीतभर. लेकीला म्हटलं, यांचा दुतोंड्या मारुती हाच. नाशिकला गोदापात्रात मारुतीची ही मोठी मूर्ती आहे, पुराची आमची मोजपट्टी. ती हसली. तिच्या लहानपणी पावसाळ्यात रोज सकाळी शेजारी एकच प्रश्न विचारायचे, मारुतीच्या कुठवर आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडले हा आकडा माझ्याकडे ऑफिसात असायचा, पण पंचवटीतल्या माणसाला आकड्यापेक्षा मारुतीवर भरवसा जास्त. आणि पाणी काठावरच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेपर्यंत गेलं म्हणजे सराफ बाजारातल्यांनी दुकानं आवरायची. २००८ च्या पुरात तर आवरायलाही वेळ मिळाला नाही.

व्हॅलेन्सियाने पुरानंतर नदीच उचलली. शहराच्या दक्षिणेने बारा किलोमीटरचं नवं पात्र खोदलं, पाच हजार क्युमेक्स, म्हणजे सेकंदाला तितके घनमीटर पाणी, वाहून नेईल असं. आपल्या हिशेबाने पावणेदोन लाख क्युसेकच्या वर. हा आकडा मी दोनदा करून पाहिला. १९६९ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. रिकाम्या झालेल्या जुन्या पात्रातून मोटाररस्ता काढायचा बेत होता. लोक अडून बसले. 'तुरियाचं पात्र आमचं आहे आणि ते आम्हाला हिरवं हवंय' ही त्यांची घोषणा. हुकूमशहा फ्रँको गेल्यावर ती मान्य झाली आणि पात्राची बाग झाली. निळ्या पूररेषेच्या आत, जिथे बांधकामाला मनाई असते, तिथे कोणाचं बांधकाम कसं बसलं यावर आयुष्यात जेवढे कागद मी पाहिलेत, त्यानंतर या घोषणेचा मला हेवा वाटला.

पण एवढ्यावर थांबलो तर खोटं होईल. २९ ऑक्टोबर २०२४ ला तिथे पुन्हा आभाळ फुटलं. नव्या पात्राने जुनं शहर वाचवलं. पात्राच्या पलीकडची दक्षिणेची गावं मात्र दुसऱ्याच ओढ्यांच्या पाण्याखाली गेली. जिल्ह्यात सव्वादोनशेच्या आसपास माणसं मेली. मोबाईलवर धोक्याचा इशारा वाजला तो रात्री आठनंतर, तोवर कित्येकांच्या घरात पाणी शिरलेलं होतं. लेकीच्या घराशी रस्ताही ओला नव्हता. तिसऱ्या दिवशी ती झाडू आणि फावडं घेऊन हजारो लोकांबरोबर पूल ओलांडून चालत पलीकडे गेली, हे तिने आम्हाला तेव्हा फोनवर सांगितलं नव्हतं. आता त्याच पुलावर उभी राहून सांगितलं. "पप्पा, चिखल फावड्याला चिकटायचा, झटकला तरी पडायचा नाही." इकडे हिरवळ, पलीकडे भिंतींवर अजून तपकिरी रेघा. नकाशावर पात्र आखणाऱ्या अभियंत्याला मी दोष देणार नाही, मीही त्याच जातीचा. तरी त्या पुलावर मला बोलायला काही सुचलं नाही.

दुसऱ्या गुरुवारी मी साडेअकरालाच जाऊन उभा राहिलो. हिला सोबत घेतलंच नाही.

कॅथेड्रलच्या 'प्रेषितांच्या दारा'समोर लोखंडी कठडा, आत अर्धगोलात लाकडी-चामडी खुर्च्या. बाराचे ठोके पडले तशी काळे झगे घातलेली आठ माणसं आली आणि बसली. न्यायाधीश म्हणायचं, पण हात बघितले तर शेतकऱ्याचे. ते स्वतः शेती करणारेच असावे लागतात. नऊ पाटांचे मिळून आठ, शेतकऱ्यांनी निवडून दिलेले. मग टोकाला पितळी आकडा असलेली काठी घेऊन एक शिपाई पुढे झाला आणि ओरडला, "देनुन्सिआत्स दे ला सेकिया दे क्वार्त!" म्हणजे क्वार्तच्या पाटावरचे आरोपी असतील त्यांनी पुढे यावं. कोणी आलं नाही. पुढचा पाट. पुन्हा शांतता. असं एकेका पाटाचं नाव. त्यात मेस्तायाही आला आणि शेजारी उभा एक पोरगा खूष झाला, कारण तिथल्या फुटबॉल क्लबचं मैदान त्याच पाटाच्या नावाचं आहे. 'सेकिया' हा शब्द मूळ अरबी, पाणी पाजणं या अर्थाच्या धातूवरून आलेला. आपल्या गझलेतला साकी त्याच घरातला. अरबांनी पाट नीट लावून दिले आणि १२३८ मध्ये ख्रिस्ती राजाने शहर जिंकलं तरी पाटांची रीत मोडली नाही.

आठ-नऊ हाका झाल्या, खटला एकही नाही, सगळे उठले आणि गेले. पाच मिनिटं. बाजूचे पर्यटक एकमेकांकडे बघायला लागले, एवढंच?

मला मात्र गहिवरून आलं. खटला असता तर काय झालं असतं ते मला ठाऊक होतं. वकील नाही, कागद नाही, सगळं तोंडी, तिथल्या तिथे, आणि निकालावर अपील नाही. ज्या पाटावरचं भांडण, त्या पाटाचा प्रतिनिधी निकालात बसत नाही, आणि डाव्या तीराच्या आरोपीचा निकाल उजव्या तीरावरचे सुचवतात. गुन्हे तेच, जे मी जन्मभर लिहिले. पाळी नसताना पाणी घेतलं, शेजाऱ्याच्या वावरात पाणी सोडून दिलं, आपल्या वाट्याचा पाट साफ केला नाही. दर गुरुवारी अख्ख्या चौकात नाव पुकारलं जाणार, या एका गोष्टीने बहुतेक भांडणं आधीच बांधावर मिटतात. मी नमुना नंबर सातचे पाणीमागणीचे अर्ज घेतले, शेजपाळीच्या, म्हणजे कोणाला कधी पाणी त्याच्या, याद्या लावल्या, रात्री टेलला, कालव्याच्या शेवटच्या टोकाला, जाऊन फोडलेल्या चारीचे पंचनामे केले. साक्षीला कोणी येत नसे. गावातल्या गावात वैर कोण घेणार?

आणि हे माझ्या घरात नव्हतं असंही नाही. आजोबा मोसम नदीवरच्या फडात पाटकरी होते. बंधाऱ्याचं पाणी पाटाने येणार, रान फडांत वाटलेलं, एका फडात सगळ्यांचं एकच पीक. शेतकऱ्याने पाटाच्या दाराला हात लावायचा नाही, पाणी देणार तो पाटकरी. पिकाची राखण जागल्या करणार, तंटा झाला तर पंच. वर धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या आणि फड मोडत गेले. त्यातली बरीच धरणं आमच्याच खात्याची.

त्या दुपारी मी हट्टाने लेकीला आणि हिला घेऊन मेट्रोने आल्बोरायाला गेलो. शहराला चिकटूनच शेतं सुरू होतात. तिथलं नावाजलेलं पेय ओर्चाता, दुधासारखं, थंड, गोड, सोबत लांबट पाव बुडवून खायला. ते कशाचं करतात हे ऐकून ही हसत सुटली. लव्हाळ्याच्या! म्हणजे लव्हाळ्याच्याच जातीच्या एका गवताच्या मुळाशी धरणाऱ्या गाठींचं. ज्या लव्हाळ्यापायी आमच्या आईचा जन्म खुरप्यात गेला तो हे लोक पाणी देऊन लावतात. हिने दोन पेले संपवले.

मागे गेलो तर पाट वाहत होता. साधा, हातभर रुंद, काठाला गवत. माझ्या वयाचा एक माणूस पायात रबरी बूट घालून छोटं लोखंडी दार उचलत होता. पाणी सरीत उतरताना तोच आवाज. दारापासून चार पावलांवर बांधाला उंदराचं बीळ होतं आणि पाणी तिकडून शेजारच्या रानात पाझरत होतं. त्याचं लक्ष नव्हतं. मी शुक शुक केलं आणि बोट दाखवलं. तो आला, वाकला, कपाळाला हात लावला, ओला चिखल घेऊन बीळ बुजवलं आणि टाचेने दाबलं. नीट दाबलं नव्हतं. मी बूट न काढता पुढे होऊन आणखी दोनदा दाबलं. "अहो, नवे बूट!" ही मागून ओरडली.

तो लेकीला काहीतरी म्हणाला.

"पप्पा, ते विचारतायत, तुमचा पाट कोणता?"

"मोसम," मी म्हटलं.

त्याने ते नाव एकदा म्हणून पाहिलं आणि दार खाली टाकायला गेला.